‘हातोहात’चं नाव उज्ज्वलाला देताना

सिंदी मेघे, वर्धा
रविवार, दुपार

प्रिय आत्याबाई,

तुला पत्र लिहायची वेळ याआधी कधी आलीच नाही. तू प्रेसच्या दारातून हाक मारायचीस, मी वरच्या खोलीतून ओ द्यायचो, आणि एवढ्यात आपलं सगळं बोलणं उरकायचं. आज लिहायला बसलो आहे, कारण एका गोष्टीचा निकाल मला लावायचा आहे आणि त्याला मी एकटा पुरा पडत नाही.

उज्ज्वला ‘हातोहात’चं नाव मागते आहे.

आपलीच उज्ज्वला. रोज नाचणगावहून पुलगाव स्टेशन गाठून गाडीने वर्ध्याला यायची आणि आपल्याकडे संगणकावर पानं लावायची, ती. आता तिचं इथेच, सिंदी मेघेत दुकान आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्स, ऑनलाइन अर्ज, सगळं करते. तिला आपला पेपर पुन्हा काढायचा आहे. तसाच छोटा, तसाच संध्याकाळचा, तसाच फुकट. नाव तू जाण्याआधी माझ्याकडे सोपवून ठेवलंस, म्हणून ती मागच्या रविवारी माझ्याकडे आली. मी म्हटलं, आठवडाभर थांब, विचार करून सांगतो.

तो आठवडा आज संपतो. संध्याकाळी ती येईल.

तुला ठाऊकच आहे, मी रोजनिशी लिहितो. तू त्याला ‘अव्याचा गृहपाठ’ म्हणायचीस. या आठवड्यात तिथे बरंच लिहिलं. पण रोजनिशीत एक अडचण असते, तिथे मीच बोलतो आणि मीच मान डोलावतो. नाव द्यावं असं लिहिलं की ते पटतं, देऊ नये असं लिहिलं की तेही पटतं. म्हणून वाटलं, वाक्य पुरं व्हायच्या आत ‘काऊन?’ म्हणून कारण विचारणाऱ्या माणसालाच लिहावं.

हे सगळं सुरू कसं झालं, आठवतं? आजोबांचं प्रेस तूच चालवत होतीस. लग्नसराई संपली की मशीन थंड पडायची आणि तू बिलबुकं छापून छापून कंटाळायचीस. मी नुकताच ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागलो होतो. एका दुपारी तू एसटी स्टँडवरून आलीस ती रागातच. तिथे बाकावर एक माणूस पेपर वाचत होता आणि शेजारचा म्हातारा त्याच्या खांद्यावरून डोकावून वाचत होता. पहिल्याच्या हे लक्षात आलं तशी त्याने पेपरची घडी करून मांडीखाली घेतली. मांडीखाली! त्या म्हाताऱ्याचं तोंड कसं झालं ते तू आम्हाला करून दाखवलंस.

“जो खांद्यावरून वाचते ना, त्याच्यासाठी पेपर काढीन मी,” तू म्हणालीस.

बाबा तुझे थोरले भाऊ असूनही तुला जरा घाबरूनच असायचे, पण त्या दिवशी बोलले. फुकट दिलेल्या पेपरात लोक भजे बांधतात, वाचत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

“बांधू दे. भजे खाऊन झाल्यावर कागद कोण वाचत नाई? सारेच वाचतेत.”

खरं सांगतो, तेव्हापासून मी भज्यांचा कागद वाचल्याशिवाय टाकलेला नाही.

पहिले काही महिने आपण किती हसं करून घेतलं! एकच कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला. जाहिराती दोन, एक साडीच्या दुकानाची आणि एक मिठाईवाल्याची, तीही तुझ्या शाळेतल्या मैत्रिणीच्या नवऱ्याची. पेपर फुकट आहे म्हणून लोक घ्यायलाच बिचकत. यामागे निवडणूक आहे, असं त्यांना वाटायचं. ‘कोण उभं राह्यते?’ हा पहिला प्रश्न. कोणी उभं नाही म्हटलं की संशय जास्तच वाढायचा.

मग तू तो गठ्ठा उचललास आणि भाजी बाजारात गेलीस. टपऱ्यांवर ठेवायचा नाही, दारात फेकायचा नाही, माणसाच्या हातात द्यायचा, हा तुझा नियम. आणि हातात द्यायला भाजीवाल्या बायांहून चांगलं कोण? पावशेर मिरची घेतली की पिशवीत कोथिंबिरीची काडी आणि हातात ‘हातोहात’. कोथिंबिरीवर कोणी संशय घेत नाही, म्हणून पेपरवरही कोणी घेईना. ही अक्कल माझ्या बी.ए., एम.ए.च्या कुठल्या पुस्तकात होती?

पण लोक पेपर उलटा करून आधी मागची बाजू का पाहायला लागले, ते तुला आणि मला दोघांनाही ठाऊक आहे. ती चौकट.

निधनाच्या बातमीचे पैसे घ्यायचे नाहीत, हे तू पहिल्याच दिवशी ठरवलं होतंस. फोटो नाही, पदवी नाही, शोकाकुल कोण कोण त्याची रांग नाही. नाव, गाव आणि माणूस काय करायचा, एवढंच. बँकेचा मॅनेजर आधी आणि सायकलवाला नंतर, असंही नाही. जशी बातमी आली तसं नाव. दुपारी पान छपाईला सोडायच्या वेळेपर्यंत कोणाचीच बातमी आली नाही, तर तिथे दुसरं काही भरायचं नाही. चौकट तशीच ठेवून आत एकच ओळ छापायची: आज कोणी नाही.

मला ते पहिल्यापासून खटकायचं. जिल्ह्यात एवढी गावं, कोणीतरी गेलंच असेल की! आपण खोटं छापतो आहोत, असं मी प्रुफं वाचताना तुला सांगितलं. तू चष्म्यावरून पाहिलंस.

“आपल्याले जोवर ठाऊक नाई, तोवर आपल्यासाठी थो जिताच हाये. काऊन मारून राह्यला त्याले?”

मी पुढचं प्रुफ ओढून घेतलं.

स्टँडवरच्या चहावाल्याकडे त्या चौकटीवर पैजा लागायला लागल्या, तेव्हा मला वाटलं आता तू भडकणार. नाव आहे की नाही, यावर एक चहा. मी बिचकत बिचकतच तुला सांगितलं. तू फक्त विचारलंस, जास्त वेळा जिंकतं कोण? एक निवृत्त पोस्टमन जिंकतो, मी म्हटलं. तो रोज ‘कोणी नाही’वरच लावायचा. तुला तो माणूस न पाहताच आवडला.

आणि काशीबाईचा दिवस. तो मी कोणालाही सांगायला लागलो की माधुरी म्हणते, “झालं, बसा आता.” लग्न होऊन आली त्या वर्षापासून ती ऐकते आहे.

काशीबाई रेल्वे स्टेशनबाहेर केळी विकायची. त्या दिवशी चौकटीत ‘आज कोणी नाही’ लावून पान सोडलं होतं, सगळा पेपर छापून गठ्ठे बांधून झाले होते, आणि स्टेशनवरच्या एका हमालाने येऊन सांगितलं की काशीबाई गेली. मी म्हटलं, उद्या छापू. सगळे पेपर असंच करतात.

“उद्या?” तू म्हणालीस. “आज लोकं स्टेशनवरून घरी जातीन, हातात आपला पेपर, आज कोणी नाई म्हणून. अन् तिकडे तिची तिरडी बांधून राह्यले असतीन.”

तू गठ्ठे सोडायला लावलेस. शेजारच्या दुकानातून पेनं मागवलीस. मी, उज्ज्वला, मशीनवाले भगवानभाऊ, सगळे जमिनीवर बसलो आणि एकेका पेपरवर ती छापलेली ओळ खोडून खाली हाताने लिहायला लागलो: काशीबाई, वर्धा, स्टेशनवर केळी विकायच्या. एक गृहस्थ मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेचा मजकूर घेऊन आले होते. तू त्यांच्याही हातात पेन दिलंस. ते चाचरले.

“पोरीचं लग्न हाये, आत्याबाई. हे अशुभ नाई का होत?”

“सत्यनारायणाची केळं कोणाकडून घेता तुम्ही?”

“काशीबाईकडूनच.”

“मंग लिहा.”

ते लिहायला बसले. त्यांचं अक्षर आपल्या सगळ्यांत चांगलं होतं, हे तू त्यांना दोनदा सांगितलंस आणि पत्रिकेच्या पैशात काही सोडलं मात्र नाहीस.

त्या दिवशी पेपर दिवे लागल्यावर बाजारात गेला. आणि दुसऱ्या दिवसापासून काय झालं! ज्यांना हाताने लिहिलेली प्रत मिळाली त्यांनी ती जपली. दुकानदार स्वतःहून जाहिरात द्यायला आले. ट्रॅक्टरवाले आले, कोचिंग क्लासवाले आले. पुलगाव आणि नाचणगावचा गठ्ठा उज्ज्वला परतीच्या गाडीने नेऊ लागली. तळेगावचा गठ्ठा एसटीने जायचा आणि तिथे दुसऱ्या दिवशी वाटला जायचा. तिथल्या एका मास्तरांचा फोन तुला आठवतो का? कालचा पेपर आज का आला नाही, अशी त्यांची तक्रार होती. तू त्यांना दिलगिरी सांगितलीस आणि फोन ठेवून इतकी हसलीस की ठसका लागला. एका आलूबोंडेवाल्याने तर कागद चार बोटं मोठा करा म्हणून अर्ज दिला होता, सहीसकट.

आत्याबाई, ती वर्षं आपली फार चांगली गेली. दुपारी कॉलेज सुटलं की मी थेट प्रेसमध्ये. तू डब्यातून गोरसपाकाचं बिस्किट काढून देणार, मी प्रुफं वाचणार, उज्ज्वला पान लावता लावता तिच्या गाडीतल्या गमती सांगणार. माझ्या नोकरीने मला पगार दिला, पण दिवसाला काही अर्थ आहे असं त्या दोन तासांमुळेच वाटायचं.

मग पेपर खाली आला. कसा, ते तू पाहिलंस, मी काय सांगू?

आधी सगळ्यांच्या हातात मोबाइल आले. निधनाची बातमी आपण पान सोडायच्या कितीतरी आधी, फोटोला हार घालून, सगळ्यांच्या खिशात पोचायला लागली. जाहिराती तिकडे वळल्या. साडीवाल्याचा मुलगा तुला समजावायला आला होता, तू त्याला त्याच्या बापाच्या पहिल्या जाहिरातीचा मजकूर तोंडपाठ म्हणून दाखवलास. तो ओशाळला, पण जाहिरात काही दिली नाही.

मग करोना आला. हातात द्यायचा पेपर, आणि हातच कोणी पुढे करेना. भाजीवाल्या बायांना बाजारातून उठवलं. आपण औषधांच्या दुकानांत पेपर ठेवला. लोक तो दोन बोटांत धरून, लांब करून वाचत. आणि दुसऱ्या लाटेत ती चौकट पुरेना. चौकटीचा रकाना झाला, रकान्याचं अर्धं पान झालं, मग सगळी मागची बाजू. उरल्यासुरल्या जाहिराती काढून तू नावं लावलीस. मी तेव्हा तापाने घरी पडून होतो. तू मला महिनाभर प्रेसची पायरी चढू दिली नाहीस. आपला पेपर मी पहिल्यांदाच नुसता वाचक म्हणून वाचला, आणि माझ्याच्याने तो वाचवेना.

ते दिवस गेले, दुकानं उघडली, पण जाहिराती परत आल्या नाहीत. कागद महागला. एक क्लासवाले तेव्हा आले होते, पेपर चालवायला मदत करतो, फक्त चौकटीखाली आमच्या सौजन्याने असं टाका म्हणून. तू त्यांना चहा दिलास, तब्येत विचारलीस आणि नको म्हणून सांगितलंस. मीही नकोच म्हटलं असतं. यात आपलं एकमत होतं.

पण त्यानंतर जे केलंस त्याबद्दल मला तुझ्याशी भांडायचं आहे. निदान आज तरी भांडू दे.

एका दिवशी, बऱ्याच काळानंतर, चौकटीत पुन्हा ‘आज कोणी नाही’ आलं. मला आनंद झाला. दुसऱ्या दिवशी मी प्रुफं वाचायला आलो तर मशीनवर चादर, फरशी पुसलेली, आणि तू खुर्ची उन्हात घेऊन बसलेली.

“आज काई नाई, अव्या. बस, चहा घे.”

एवढंच? इतक्या वर्षांचा पेपर, आणि वाचकांना निरोपाची एक ओळ नाही? भाजीवाल्या बाया मला कितीतरी दिवस विचारत राहिल्या आणि मला काही सांगता आलं नाही. तुला विचारलं तर तू म्हणालीस, “निरोप द्याले मी कुठं चालली?” विषय संपला. तू पुन्हा लग्नपत्रिका छापायला लागलीस, आणि खुशाल होतीस. खरंच खुशाल होतीस, हेच मला समजत नव्हतं. मी वाट पाहत राहिलो की कधीतरी तुझ्या तोंडून निघेल, हरलो रे आपण, अव्या. ते निघालं नाही. गेल्या हिवाळ्यात सकाळचा चहा घेऊन, गच्चीवरच्या उन्हात, तू गेलीस. तुझी बातमी छापायला आपला पेपर नव्हता. मोठ्या पेपरात फोटोसकट जाहिरात द्यायचं मनात आलं होतं, पण तुझा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि हात आवरला. तरी माणसं आली. भाजी बाजारातल्या बाया आल्या, टोपल्या बाहेर ठेवून.

आता उज्ज्वलाचं सांगतो.

नाव द्यायला माझं मन का धजत नाही? आधी मी स्वतःला सांगितलं की ती बिचारी बुडेल, तिला वाचवायला हवं. तिला तसं म्हणालोही.

“बुडंन तं बुडंन, सर. पहिला पेपर का अमर होता?” ती म्हणाली.

मग मी म्हटलं, तुझ्या नावाला बट्टा लागेल. यावर माधुरीने स्वयंपाकघरातूनच विचारलं, की आत्याबाईचं नाव तुम्ही बरणीत मुरत ठेवणार आहात का. मला राग आला. राग आला म्हणजे काहीतरी बरोबर लागलं होतं.

काल रात्रीपर्यंत शोधत होतो, आणि सापडलं ते फारसं शोभेसं नाही. पेपर बंद आहे तोवर तो फक्त तुझा आणि माझा आहे. काशीबाईची गोष्ट माझी आहे. उज्ज्वलाने वाईट काढला तर लोक हसतील, ते मी सोसेन. पण तिने चांगला काढला तर? उद्या ‘हातोहात’ म्हटल्यावर लोकांना तीच आठवेल. तू नाही, मी तर नाहीच. ही भीती आहे, आणि ती तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी आहे. आजोबांचं प्रेस तू पेपरला जुंपलंस तेव्हा तू कोणाच्या फोटोला विचारायला गेली होतीस? मग मी तुला का विचारतो आहे?

म्हणून ठरवलं आहे, द्यायचं. फक्त एक अट घालेन. चौकट तशीच राहील. तीच जागा, तेच नियम, आणि कोणी नसेल तर तीच ओळ. ती नसेल तर तो आपला पेपर कसला? एवढं मागायचा हक्क मला आहे ना?

फाटक वाजलं. तीच असेल.

*

रविवार, संध्याकाळ

आत्याबाई, ती येऊन गेली. माधुरीने पोहे केले होते. खाता खाता मी माझी अट सांगितली. उज्ज्वलाने बशी खाली ठेवली.

“मले थे चौकट नको, सर.”

मी म्हटलं, मग नाव कशाला हवं? माझा आवाज जरा चढला असावा, कारण माधुरी येऊन माझ्याशेजारी बसली. उज्ज्वला मात्र शांत होती. तिने जे सांगितलं ते तुला ठाऊक आहे. मला आज कळलं.

दुसऱ्या लाटेत तिचे वडील गेले. ते गेले एवढं मला ठाऊक होतं. नाचणगावात ते शिवणकाम करायचे. मी तापातून उठल्यावर तिला भेटायला गेलो होतो. पण त्या दिवशीचं पान कोणी लावलं, हे मी विचारलं नव्हतं. कोणाला सुचेल विचारायला?

“आत्याबाईनं म्हटलं, तू घरी जा, पान मी पाह्यते. मी म्हटलं, नाई, दुसरं कोणी लावंन तं घाई करंन. बाबाचं नाव मीच लावलं, सर. मधातच कुठंतरी होतं. एक नाव वरतं, एक खालतं. मंग त्याच्यानंतर रोज लावत राह्यली. आता थे चौकट दिसली की माहे हात थंडे पडतेत.”

ती पुढे म्हणाली की तिने तुला तेव्हाच सांगितलं होतं, मी काम सोडते. तू तिला अडवलं नाहीस. एवढंच म्हणालीस, “एक दिवस थांब. कोणी नाई असं ज्या दिवशी लागंन, थे आपल्या हातानं लाव, अन् मंग जाजो.”

ती थांबली. तो दिवस यायला बराच वेळ लागला. आला तेव्हा तिने ती ओळ लावली, तुला पान दाखवलं आणि संध्याकाळच्या गाडीने घरी गेली. दुसऱ्या दिवशी ती येणार नव्हती. मशीनवर चादर तू त्या सकाळी घातलीस.

इतके दिवस मी मनात तुझ्याशी भांडत होतो की निरोप का दिला नाहीस. तू एका मुलीला निरोप देत होतीस, आणि बाकीच्यांचं तुला त्या वेळी काही पडलेलं नव्हतं. पेपर त्यामुळेच बंद केलास का? की जाहिराती संपल्या होत्या म्हणूनच, आणि दिवस तेवढा तिच्यासाठी निवडलास? माहीत नाही. दोन्ही असेल. पण तू त्या उन्हात खुशाल का दिसत होतीस, ते आता थोडं समजतं. मला एका शब्दाने सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? असो. तिची गोष्ट तू माझ्यापाशी बोलली नाहीस, यात तुझं चुकलं असं आता म्हणवत नाही.

मग मी तिला विचारलं, एवढं असताना पेपर काढायचाच कशाला?

“पेपर आवडते ना मले. मेलेल्यांची चौकट तेवढी नाई होत.”

कोणी निधनाची बातमी आणली तर काय करशील, हेही विचारलं. छापीन, फुकटच छापीन, बाकीच्या बातम्यांत छापीन, म्हणाली. तुझा तो नियम तिने सोडलेला नाही. नुसती रोज कोणाच्या तरी मरणाची वाट पाहत उघडी ठेवलेली जागा तिला नको आहे.

पिशवीतून तिने नमुन्याचं पान काढलं. मागच्या बाजूला, त्याच जागी, तिने मजकूर लावला आहे: उद्या नळ कोणत्या भागात. इकडे बाया सकाळी हंडे मांडून बसतात आणि पाणी दुसऱ्याच गल्लीत येतं, त्यावरून रोज भांडणं. नळ सोडणाऱ्या माणसाशी तिने बोलणं करून ठेवलं आहे. तो दुपारी फोन करून सांगणार. माधुरीने ते पान माझ्या हातातून घेतलं, दोनदा वाचलं आणि विचारलं, “कधीपासून येणार हा पेपर?”

इतक्या वर्षांत तिने आपल्या पेपराबद्दल असं कधी विचारलं नव्हतं, आत्याबाई.

मी कागदावर सही करून दिली. अट घातली नाही. उज्ज्वलाने पाया पडायला वाकू पाहिलं, मी नको म्हटलं. मग ती गच्चीकडे गेली आणि तुझी खुर्ची असते तिथे वाकली. ऊन उतरलं होतं. बरं वाटलं मला. अगदी खरं सांगायचं तर गेल्या हिवाळ्यापासून एवढं बरं वाटलं नव्हतं.

जाता जाता ती म्हणाली, सर, प्रुफं वाचाले येजा ना. मला मोह झाला. लगेच हो म्हणणार होतो. नमुन्याच्या पानात दोन गोष्टी मी बदलल्या असत्या, जीभ शिवशिवत होती. पण म्हटलं, आधी तू काढ. अडलं तर बोलव.

तेव्हा तुला शब्द देतो. तिचा पेपर मी बाजारात भाजीवालीच्या हातून घेईन, चार लोकांसारखा, मिरची घेतल्यावर. तिने विचारल्याशिवाय चुका दाखवणार नाही. हे मला सगळ्यात जड जाईल, तुला माहीत आहे. तो तुझ्या पेपरासारखा नाही, असं कोणापाशी म्हणणार नाही, माधुरीपाशीही नाही. आणि एखाद्या सकाळी तिनेही मशीनवर चादर घातली, तर चहा घेईन आणि का म्हणून विचारणार नाही.

तुझा,
अव्या